पलीकडचा काठ

१९८६, पहिल्या महिन्याची अठरावी. यानझुआंग

यिनह्वान वन्सं,

मला गोड लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. साक्षरतेच्या वर्गात चार महिने बसले, तेवढ्या अक्षरांवर हे चाललंय. जे अक्षर येत नाही तिथं गोल काढलाय, समजून घ्या. दुसऱ्याकडून लिहून घेता आलं असतं, पण घरातलं गावाला कशाला.

तुमचे वडील पडले. वर्ष सरता सरता, सकाळी अंगण झाडायला उठले आणि खराट्यासकट आडवे झाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. लगेच काही होणार नाही असं डॉक्टर म्हणतो. जेवतात, झोपतात, लापशीत गाठ राहिली तर माझ्यावर डोळे वटारतात. तुमचे भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ आम्हाला झालं नाही, त्यामुळे या घरात मी आणि मामंजी एवढेच. मी त्यांचं करते हे तुम्हाला ऐकवायला लिहीत नाही. सून आहे, करणारच.

कारण दुसरं आहे. तालुक्याहून फू नावाचा माणूस आला होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, सायकलवरून उतरल्यावर आधी पंधरा मिनिटं नुसता धापा टाकत होता. म्हणे गावोगावच्या जुन्या लढण्याच्या विद्या वहीत उतरवून घ्यायच्यात. वीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी गळ्यात पाटी अडकवून गावभर फिरवलं असतं, त्याच्यासाठी आता हा वाकून नमस्कार करतो.

"काकू, दोन काठांचा फेर आता तुमच्याच घरात उरलाय म्हणतात."

"उरलाय."

"करून दाखवता?"

मी केला. चौसष्टच्या चौसष्ट हात. तो पेन्सिल तोंडात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "राग मानू नका काकू, पण असं दिसतंय की तुम्ही कुणाशी तरी भांडायला आलात आणि तो माणूस घरीच नाही."

खरं बोलला. फेर दोघांचा आहे. मला येतो तो अलीकडचा काठ. पलीकडचा काठ मामंजींचा, आणि ते खाटेवर पडलेत. माझ्या प्रत्येक हाताला उत्तर असतं, ते उत्तर कुठलं हे मला अंगानं कळायचं, पण सांग म्हटलं तर सांगता येत नाही. एकतीस वर्षं समोर उभी राहिले आणि समोरचा माणूस काय करत होता ते मी पाहिलंच नाही. स्वतःचे पाय सांभाळत होते.

तुम्हाला तो काठ येतो. मला माहीत आहे. जात्याच्या खोलीतल्या भिंतीला भोक होतं, तिथून तुम्ही नऊ वर्षांच्या असल्यापासून बावीस वर्षांच्या होईपर्यंत रोज पहाटे बघत होतात. लेकीला शिकवायचं नाही, सुनेला शिकवायचं, हा काही मी केलेला नियम नाही. लेक दुसऱ्या घरी जाणार, विद्या बरोबर नेणार. सून इथंच मरणार. म्हणून परक्या घरून आलेल्या मला फेर मिळाला आणि तुम्हाला दळण.

पुढं जे झालं त्यात माझा काय दोष? थोरल्या काकांनी तुम्हाला भोकाला डोळा लावताना पाहिलं, गाव गोळा केलं. तुम्ही गुडघे टेकून शपथ घेतली असती तर मिटलं असतं. तुम्ही टेकले नाहीत, तिआनजिनच्या कापडगिरणीत निघून गेलात. त्याला तीस वर्षं झाली. तुमचे भाऊ गेले तेव्हा तुम्ही वेशीपर्यंत येऊन परत फिरलात हे मला कळलं होतं.

फू परत येणार आहे धान्यपावसाच्या दिवशी. त्याला अजून दोन महिने आहेत. या आणि पलीकडचा काठ करा. एकदा करा, तो लिहून घेईल, मग परत जा. नाही आलात तर फेर अर्धाच राहील, आणि अर्धा फेर म्हणजे काहीच नाही. माझ्यानंतर या घरात कुणी सून यायची नाही.

रुइचिन

पहिल्या महिन्याची सव्विसावी. किडे जागे होण्याचा दिवस

वन्सं,

आठ दिवस झाले. टपाल तीन दिवसांत पोचतं, मी विचारलं. उत्तर लिहायला काय तुम्हाला मुहूर्त लागतो?

रागावून लिहिते आहे असं समजू नका. असंच लिहिते मी.

इथं सध्या धुकं आहे. खारवट जमीन खाली पांढरी आणि धुकं वर पांढरं, मध्ये बोरीची झाडं काळी काळी, मुळं नसल्यासारखी लोंबकळत असतात. पहाटे अंगणात आले की भिंत कुठं संपते ते दिसत नाही. मला असल्या गोष्टी बघत बसायला वेळ नसतो. पण हल्ली बसते.

एक सांगायचंय. पहाटे, जागं होण्याच्या थोडं आधी, मामंजींचा डावा हात हलतो. माणूस झोपलेला असतो. हात पांघरुणाबाहेर येतो, वर तरंगतो, वळतो, थांबतो. आधी मला वाटलं, माशी वारताहेत. मग पाहिलं तर चौदावा हात. त्यांच्या काठाचा. मी खाटेशी खाली बसले आणि माझं मनगट त्यांच्या मनगटाला लावलं. आणि त्यांनी उत्तर दिलं, वन्सं. झोपेत. माझा जोर जिथं होता तिथून ते निघून गेले, आणि जिथं नव्हता तिथं अलगद येऊन उभे राहिले. एवढा हलका हात आहे, पक्षी बसल्यासारखा. मी रोज जाते. पण एकच हात, तोही झोप असेपर्यंत. जागे झाले की मांस परत जड होतं. पावाच्या काठाचा तुकडा हातात घेऊन अख्खा पाव कसा होता हे आठवत बसावं तसं चाललंय.

मी लग्न होऊन आले तेव्हा अठराची होते. दुसऱ्याच दिवशी मला अंगणात बोलावलं.

"उभी राहा," म्हणाले.

मी उभी राहिले. "आता?"

"आता उभी राहा."

"किती वेळ?"

"झाडाला विचार."

वर्षभर उभं केलं मला. गुडघे थोडे वाकवून, हात पुढं, जसं कुणी अदृश्य घागर धरायला दिली आहे. मांड्या थरथरायच्या, घाम टाचेवर उतरायचा. मी मनात म्हणायची, म्हातारा मला फुकटात खांब म्हणून वापरतोय, उद्या माझ्यावर कपडे वाळत घालील. सहा महिन्यांनी एकदा मी चिडून म्हटलं, "मामंजी, मारायचं कधी शिकवणार?"

"कुणाला मारायचंय?"

"ते नंतर बघू. आधी शिकवा."

ते हसले. हसताना ते फार कमी दिसायचे. म्हणाले, "तुझ्या पायाखाली जमीन आहे हे तुला अजून कळलं नाही. कळलं की सांग."

दुसऱ्या वर्षी मनगट मनगटाला लावलं. म्हणाले, समोरच्याचा जोर कानानं ऐकू येत नाही, कातडीनं ऐकायचा. आधीच ठरवून येतो तो बहिरा. मी ठरवूनच यायची, म्हणून दर वेळी भिंतीवर जाऊन आदळायची. तोवर तुम्ही निघून गेला होतात. नाहीतर भिंतीपलीकडून हसला असतात.

आणि ती गोष्ट, जी तुम्हाला सासूबाईंनी सांगितली असेल, मला मामंजींनी सांगितली. कालव्यावर मालाच्या नावा चालायच्या तेव्हाची. नाव मध्ये, दोन राखणदार दोन काठांवर, भाले खांद्यावर टाकून नावेच्या गतीनं चालणारे. एक आपल्या घराण्याचा, दुसरा कुठला ते कुणाला माहीत नाही. वीस वर्षं ते असे चालले. मध्ये पाणी, म्हणून बोलणं नाही. संध्याकाळी नाव थांबली की इकडचा काठावर उभा राहून हात करायचा, तिकडचा पाण्यापलीकडून उत्तर करायचा. अंधुक व्हायचं, मग नुसत्या दोन काळ्या आकृत्या. स्पर्श एकदाही नाही. मग आगगाडी आली, नावा बंद पडल्या, राखणदारांना घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी इकडचा पुलावरून चालत तिकडे गेला आणि दोघांनी पहिल्यांदा मनगट लावलं. म्हणतात, दोघंही अर्धी घटका तसेच उभे राहिले, हात करायचे विसरूनच गेले.

आपल्या घराण्यातल्यांनी पुढं काय काय पाहिलं. जत्रेत लेप विकले. उंदराच्या वर्षी, परदेश्यांविरुद्धच्या बंडात, गावचे दहा जण राजधानीकडे गेले, मंतरलेल्या अंगाला गोळी लागत नाही असं ओरडत. पणजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ त्यात होता. लागली. तेव्हापासून या घरात नियम आहे, गोळी अडते म्हणणाऱ्याला शिकवायचं नाही. मग लोखंड वितळवायच्या वर्षी तलवारी भट्टीत गेल्या. मग गळ्यात पाट्या अडकवायच्या वर्षांत वह्या गेल्या. फेर राहिला, कारण तो घराच्या झडतीत सापडत नाही.

मी एकदा विचारलं होतं, "फेर नेमका कुणाचा? अलीकडच्या काठाचा की पलीकडच्या?"

"मधून वाहतं त्याचा."

"मग ते पाणी शिकवा की."

"पाणी शिकवत नाहीत. काठ शिकवतात."

आता मुख्य सांगते. काल मी जात्याच्या खोलीत गेले. तुम्ही गेल्यावर मामंजींनी स्वतःच्या हातानं भोक लिंपून टाकलं होतं. मी खुरप्यानं ते उकरलं. उकिडवंच बसावं लागतं तिथं, माझ्या गुडघ्यांची बोंब झाली. डोळा लावला. मला वाटलं होतं सगळं अंगण दिसत असेल.

दिसत नाही. फक्त एक फरशी दिसते. बोरीखालची चौकोनी. मी जिथं उभी राहायची ती जागा अजिबात दिसत नाही. मामंजी जिथं उभे राहायचे तेवढीच दिसते, पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत, जणू भोक त्यांच्या मापानं पाडलंय.

हिवाळ्यात तिथं ऊन थेट डोळ्यात यायचं. मी किती वेळा म्हटलं असेन, मामंजी, जागा बदलू, डोळे दिपतात तुमचे. ते म्हणायचे, ठीक आहे. एकतीस वर्षांत ते त्या फरशीवरून एकदाही सरकले नाहीत.

म्हणजे त्यांना माहीत होतं. नियम मोडायचा नाही म्हणून तोंडानं शिकवलं नाही, हातानं दुरुस्त केलं नाही. फक्त तिथं उभे राहिले.

मी बराच वेळ त्या खोलीत बसून होते. लापशी करपली.

लिहा काहीतरी. एक ओळ लिहा.

रुइचिन

दुसऱ्या महिन्याची नववी

वन्सं,

तिआनजिनला तुम्ही दार लावून घेतलंत त्यानंतर मी जिन्यात थोडी बसले, मग बस पकडली. घरी पोचले. शेजारीण मामंजींना नीट बघत होती.

जे झालं ते लिहून ठेवते, कारण मला ते स्वप्नासारखं वाटायला लागलंय आणि मला स्वप्नं नीट आठवत नाहीत.

तुमच्या गिरणीच्या चाळीत तिसरा मजला. जिन्यात कोळशाच्या वड्या, कोबीचे ढीग, कुणाची तरी सायकल. तुम्ही पाळी संपवून आला होतात, केसांत सरकी-कापूस अडकलेला. तीस वर्षांनी पाहिलं आणि वाटलं, केस पांढरे झालेत. मग कळलं कापूस आहे. मग जवळून कळलं केसही पांढरे आहेत.

तुम्ही "ये" म्हणाला नाहीत. मी "आले" म्हटलं नाही. मी उजवं मनगट पुढं केलं. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंत. त्या गिरणीच्या डगल्याला हात पुसलेत. आणि लावलंत.

मी पहिला हात केला, अगदी सावकाश. तुम्ही उत्तर दिलंत. दुसरा. तिसरा. जिन्यातल्या त्या एवढ्याशा जागेत, कोबीला पाय लागू न देता. तुमचा हात म्हणजे मामंजींचा झोपेतला हात होता, पण जागा. दोन्ही बाजूंचा, अख्खा. मी डोळे मिटले. मला खरंच पाण्याचा आवाज आला. तो वरच्या मजल्यावरचा नळ असेल. असू दे.

शेजारची बाई किटली घेऊन आली आणि थबकली. "अगं यिनह्वान, भांडताय का नाचताय?"

तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "गावाकडची आहे. गावाकडं असंच भेटतात."

"आमच्या गावाला तर आधी चहा पाजतात."

"तुझं गाव सुधारलेलं असेल."

ती बाजूनं गेली. मला हसू आलं आणि त्या हसण्यानं माझा खांदा वर आला, आणि तुम्हाला तो ऐकू आला. तुम्ही लगेच आत आलात, पण ढकललं नाहीत. एवढी वर्षं तुम्ही हे सोडलेलं नाही. रोज करता, एकटीच करता. ते मनगटाला कळतं. समोर कुणी नसताना केलेला हात कसा असतो ते माझ्या इतकं कुणाला कळणार?

मग विसाव्या हाताशी तुमचं मनगट थांबलं. दाबत नव्हतं. मागंही घेत नव्हतं. नुसतं तिथं होतं आणि वाट बघत होतं. मामंजी असंच करायचे, मी जेवले असं खोटं म्हटलं की. मी हात मागं ओढला.

ओढल्याबरोबर तुम्हाला कळलं. आणि तुम्हाला कळलं हे मला कळलं. तुम्ही आत गेलात, कडी लावलीत.

बस.

रुइचिन

दुसऱ्या महिन्याची दहावी

कालचं पत्र टाकलं आणि परत बसले आहे.

थोरल्या काकांनी तुम्हाला पाहिलं नव्हतं. मी पाहिलं.

मी येऊन एक वर्ष झालं होतं, अजून नुसती उभी राहत होते. एका सकाळी तुम्ही विहिरीवर बादली ओढत होतात. दोर निसटला, तुम्ही वळलात आणि भरली बादली हवेतच अलगद फिरवून काठावर ठेवलीत. थेंब सांडला नाही. तुम्हाला कळलंही नसेल तुम्ही काय केलं. मला कळलं. मी त्याच्यासाठी वर्षभर मांड्या मोडून घेत होते आणि ते तुमच्याकडं असंच होतं, वासरासारखं मागून चालत आलेलं. त्यानंतर मी लक्ष ठेवलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला भोकाशी दिसलात.

आधी मी मामंजींना सांगितलं. जेवताना. म्हटलं, "वन्सं जात्याच्या खोलीतून बघतात."

त्यांनी मुळ्याचं लोणचं घेतलं. चावून चावून खाल्लं. म्हणाले, "लापशी वाढ."

एवढंच. मला वाटलं, लेकीचे लाड करतात, नियम सुनेला आणि सूट लेकीला. मी तशीच उठून थोरल्या काकांकडं गेले. काका म्हणजे तुम्हाला माहीतच आहेत, त्यांना गाव गोळा करायला निमित्त हवं असतं. गावासमोर एकदा बोललं गेल्यावर मामंजींना दुसरा रस्ता राहिला नाही. तुम्हाला गुडघे टेकायला सांगताना ते तुमच्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मी तेव्हा म्हटलं, मला शाबासकी देताहेत.

गेल्या महिन्यात ती एकच फरशी पाहिली तेव्हा ते बघणं मला कळलं. ते तुम्हाला शिकवत होते. गुपचूप, ऊन डोळ्यात घेऊन. आणि मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला गप्प बसायची संधी दिली होती, लापशी मागून.

माफी मागत नाही. माफी मागितली की तुम्हाला काहीतरी म्हणावं लागेल. तुम्ही काही म्हणू नका. फेरासाठी या, माझ्यासाठी नको. मी त्या वेळी घरात नसले तर बरं असेल तर तसं कळवा, मी माहेरी जाईन. पण मग अलीकडचा काठ कोण करणार हा प्रश्न आहे.

रुइचिन

तिसऱ्या महिन्याची विसावी

वन्सं,

धान्यपावसाला तुम्ही येऊन गेलात त्याला सात दिवस झाले. तुमच्यामागून काय झालं ते आणि माझं एक काम, असं लिहायचंय.

मामंजी बरे आहेत. तुम्ही त्यांची नखं कापलीत, ती त्यांनी दोन दिवस उशाखाली ठेवायला लावली, मग मला फेकू दिली. आल्या आल्या तुम्ही दोघं रडाल असं सगळ्या गल्लीला वाटत होतं, बायका भिंतीवर येऊन बसल्या होत्या. तुम्ही "बाबा, नखं किती वाढवलीत" म्हणून कात्री मागितलीत. त्या बिचाऱ्या निराश होऊन स्वयंपाकाला गेल्या.

माझ्या घरचं पाणी तुम्ही पहिल्या दिवशी प्यायला नाहीत. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी प्यायलात, तेव्हाही बोलले नाही. एवढं मलाही जमतं.

थोरले काका तुम्ही गेल्यावर परत आले होते, काठी आपटत. त्यांना तुमचं वाक्य पचलेलं नाही. त्यांनी अंगणात सगळ्यांसमोर "लेकीनं इथं हात उचलला तर पूर्वजांना काय वाटेल" म्हटलं, आणि तुम्ही बाही सारत म्हणालात, "काका, तुम्ही अठ्ठ्याऐंशीचे. माझ्या आधी भेटणार त्यांना. नीट समजावून सांगा." फूच्या नाकातून चहा आला. काका मला म्हणतात, तिला पत्रातून बोल लाव. लावला. झालं.

आता तो हात. बावन्नावा.

एकावन्नपर्यंत सगळं मला ओळखीचं होतं. धुकं नव्हतं त्या दिवशी, पण मला धुक्यातच असल्यासारखं वाटत होतं. फक्त तुमचं मनगट, माझं मनगट. भिंतीवरच्या बायका, फूची वही, काकांचं खोकणं, सगळं पाण्याखालून येत होतं. मी तुम्हाला ढकलत होते की तुम्ही मला नेत होतात हे सांगता आलं नसतं. एकदा तर वाटलं समोर कुणीच नाही आणि मीही नाही, आणि फेर चाललाय.

मग बावन्नावा. इथं माझा पुढं जायचा हात आहे. मामंजी इथं नेहमी आडवा हात घालायचे, मी त्याला टेकायची आणि त्रेपन्न सुरू व्हायचा. तुम्ही घातला नाहीत. तुम्ही मागं गेला नाहीत, बाजूला झाला नाहीत. तुम्ही तिथं होतात आणि जिथं मी टेकणार होते तिथं काहीच नव्हतं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं. माझं सगळं वजन, पन्नास वर्षांचं, पुढं गेलं आणि जातच राहिलं.

तुम्ही दंड धरून मला सावरलंत. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोललात. "हा तुला बाबांनी नाही दाखवला?"

"नाही."

"तू पाणी आणायला गेलीस की ते एकटेच करायचे. फार सावकाश. मला वाटायचं, पुढं तुला शिकवायचा म्हणून परत परत घोटताहेत."

मी खाटेकडं पाहिलं. मामंजींचं अर्धं तोंड हसत होतं. अर्ध्याला हसता येत नाही म्हणून, नाहीतर सगळं हसलं असतं.

फूनं विचारलं, "बावन्नाव्याला तुम्ही काय केलंत?"

तुम्ही म्हणालात, "काही नाही."

"मग लिहू काय?"

"तेच."

"काही केलं नाही असं लिहिलं तर वरच्या कचेरीत म्हणतील मी झोपलो होतो."

शेवटी त्यानं आकडा घातला, बावन्न, आणि पुढची ओळ कोरी सोडली. कडेला बारीक अक्षरात लिहिलं, "यान यिनह्वान यांच्याकडे आहे." मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "बरोबर आहे."

तुम्ही गेल्यावर दोन दिवस मी मामंजींशी बोलले नाही. एकतीस वर्षं माझ्याकडून पाय चोळून घेतले आणि एक हात मागं ठेवला. तोही असा, ज्यात हातच नाही. लापशी आपटून ठेवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना भरवताना मी विचारलं, "माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून?" त्यांनी डावा हात उचलला, माझ्या मनगटाला लावला, आणि थांबले. मी यावेळी ओढला नाही. तसेच बसलो आम्ही, लापशी निवेपर्यंत. उत्तर काय मिळालं ते लिहिता येत नाही. गोल काढते.

तर काम असं. मला बावन्नावा हात शिकायचाय. मामंजी शिकवू शकत नाहीत, वहीत तो नाही, तुमच्याकडे आहे. काकांना मी मुद्दाम विचारलं, सुनेला शिकवायचं हा नियम खरा, पण लेकीनं शिकवू नये असं कुठं म्हटलंय का? त्यांनी दाढी ओढली. म्हणाले, असं कधी घडलं नाही म्हणून कुणी म्हटलं नाही. म्हणजे मोकळं आहे.

गव्हाची कापणी झाली की मी येते. शेजारीण मामंजींजवळ राहायला तयार आहे. आठ दिवस राहीन, जिन्यात निजेन, कोबी सरकवून घ्या. तुमच्या त्या किटलीवाल्या बाईला सांगून ठेवा की आम्ही नाचतही नाही आणि भांडतही नाही.

आणि एक. त्या दिवशी तुम्ही मला धरलंत, ते चांगलं केलंत असं सगळे म्हणतात. मला त्यामुळं तो हात कळला नाही. या वेळी धरू नका. पूर्ण पडू द्या.

रुइचिन